शेवंताचा भाऊ

परभणी, कार्तिक व. ३, फसली १३४५

जर्मन मूकपटाचा दुसरा भाग दुपारच्या गाडीनं आला. पाच डबे, एकाचं झाकण चेपलेलं. आधी एकदा चालवून दाखवा म्हटलं, तर आमच्या तंबू-सिनेमाच्या मालकानं, सेठनं, नेहमीसारखं दिव्याच्या कार्बन-कांड्या फुकट जळतात म्हणून रडगाणं गायलं. म्हणजे उद्या लोकांबरोबरच मीही पहिल्यांदा पाहणार. पडद्याशेजारी छडी घेऊन उभं राहायचं, दिसेल त्याची गोष्ट करायची. चौथं वर्ष आहे. चित्रातल्या पाट्या जर्मन, त्या वाचणारा अख्ख्या परभणीत नाही, म्हणून बरं चाललंय.

सोनपेठहून बहिणीचा, वत्सीचा निरोप. दिवाळी तर गेली, निदान संक्रांतीला न्यायला ये. आई-दादा गेल्यापासून तिला आणायला जाणारा मी एकटाच, आणि ऐन दिवाळीत तंबू उभा राहतो. तिचीही ही चौथी दिवाळी सासरीच गेली. काय कळवू?

व. ४

घात झाला.

पहिल्या भागात मी चित्रातल्या पोरीला शेवंता केलं होतं. जाडा म्हातारा तो काका, ती त्याच्या घरी राबते. शेवटी एक तरणा गडी पिशवी घेऊन फाटकाशी येतो, ती धावत जाते, दोघं घोडागाडीतून जातात. मी सांगितलं, सख्खा भाऊ न्यायला आला. कनातीपलीकडे बायका नुसत्या रडायच्या. पुरुषांना म्हाताऱ्याचं धडपडणं, बायकांना भाऊ. गेल्या साली त्या भावावर महिनाभर तंबू भरला.

आज चौथ्या डब्यात त्याच भावानं तिच्या बोटात अंगठी घातली. देऊळ, पुरोहित, फुलं. मी म्हणालो, भाऊ बहिणीला ओवाळणी घालतोय. तेवढ्यात त्यानं तिच्या तोंडाला तोंड लावलं.

तंबूत मागून कुणीतरी, "आरं मास्तर, हे काय दाखवायलाय?" आणि जो गलका उठला! चपला पडद्यावर. पेटीवाले गोविंदराव वाजवायचे थांबले. बायका उठून गेल्या. दोन चपला अजून तंबूतच आहेत, न्यायला कुणी आलेलं नाही.

सेठ : "भई-भैन की शादी करा दिए तुम! तंबू जलाते लोगां!"

व. ५

मुद्दाम टांग्यांच्या अड्ड्यावर चहाला गेलो. लोक काय म्हणतात ते ऐकावं. टोपी कपाळावर ओढून बसलो, तरी सगळ्यांनी ओळखलं.

पेडगावची चार पोरं खूश. "लय हसलो मास्तर, कुत्रं केकात पडलं तवा तर पोट दुखलं." त्यांना लग्नाशी काही देणंघेणं नाही. झरीचे एक म्हातारे पाटील : "म्हातारा त्योच, पडनं बी तेच. पहिल्यात गोष्ट व्हती, ह्याच्यात निसत्या उड्या." शाळेचे गुरुजी म्हणाले, पहिला गाजला म्हणून ओढूनताणून दुसरा काढलाय. गोविंदरावांच्या मते दुसराच सरस, कारण त्यात पेटी वाजवायला जास्त जागा. मला विचाराल तर पाटलांचं खरं. पण हे सेठला कोण सांगणार.

झरीच्या एक बाई बाजाराला आल्या होत्या, पहिला भाग पाच वेळा पाहिलेल्या. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "भाऊ म्हनून बघितलं ओ आमी त्याला. आता नवरा म्हनून कसं बघावं?" मान खाली घालून निघालो. याला दुसऱ्या कुणाचा दोष नाही, माझाच.

व. ७

काल आणि आज निम्मा तंबू रिकामा. सेठनं स्पष्ट सांगितलं. पुढच्या मुक्कामी, सोनपेठलाही असंच झालं तर हैदराबादहून बोलपटाचं यंत्र आणतो. "वो खुद बोलता, मास्तर. उसको छडी नहीं लगती." मग मी काय करू? शेतीची सवय नाही, नोकरीला सातवीवर कोण घेतो. मला येतं ते एवढंच.

व. ८

सुचलं! आंघोळ करता करता. तो भाऊच, पण आत्याचा मुलगा. लहानपणापासून एका घरात वाढले, म्हणून ती त्याला भाऊ म्हणायची. मामाची पोरगी करायची आपल्याकडे रीतच आहे, कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही. काकाचा विरोध का? तर आत्याशी जुनं भांडण. सगळं चपखल बसतं. जर्मन लोकांनी मुद्दाम आपल्यासाठीच काढलंय जणू.

व. ११

तीन दिवस आत्याचा मुलगा चालवतोय. गर्दी परतली. लग्नाच्या वेळी आज कुणीतरी तांदूळ फेकले, आधीच घरून पुडीत बांधून आणले असणार. झरीचे पाटील पुन्हा आले. "आता जमलं बगा. पन गेल्या साली सख्खा म्हनले व्हतात तुमी." म्हटलं, तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल. असं बोलायला नको होतं. म्हातारा माणूस.

सेठ खूश. यंत्राचं नाव नाही. झरीच्या बाई मात्र परत आल्या नाहीत.

सोनपेठ, मार्गशीर्ष शु. ५

परभणीहून निघून तिसऱ्या दिवशी बैलगाड्या पोचल्या. तंबू बाजाराच्या मैदानात. वत्सीकडे जाऊन आलो, ओसरीवर पाणी प्यायलो. ती वाळलीय. तिच्या सासूबाई समोरच बसून होत्या, त्यामुळे बोलणं काही झालं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या येते बघायला. गेल्या साली दोनदा बघितला. तुझा त्यो भाऊ लय आवडला मला."

तुझा तो भाऊ म्हणाली.

शु. ६

खेळ उत्तम झाला. तंबू गच्च. सुरुवातीला शेवंता फाटकात उभी राहून रस्त्याकडे बघते, तिथे नेहमी, न्यायला येणाऱ्याची वाट बघतेय, अशी दोन वाक्यं बोलतो, आज ती गाळली. पुढे सगळं सुरळीत. आत्याचा मुलगा, अंगठी, हशा. सेठनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

लोक बाहेर पडताना वत्सी कनातीशी थांबली. सासूबाई शेजारणीशी बोलत पुढे गेलेल्या. मला वाटलं, कौतुक करेल. किंवा हसेल तरी.

"आत्याचा पोरगा केलास त्याला. बरं केलंस, लगीन तरी जमलं पोरीचं." मग पदर सारखा केला. "म्हंजी अण्णा, शेवंताला भाऊ नव्हताच म्हन की."

मी छडी बगलेत मारून कनातीची सुटलेली दोरी बांधू लागलो. सासूबाईंनी हाक मारली, ती गेली.

चार वर्षं, रोज, गावोगाव दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतोय.

शु. ७

सकाळी सेठकडे संक्रांतीच्या चार दिवसांची रजा मागितली. बहिणीला न्यायचंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, संक्रांत म्हणजे ऐन धंदा, तुमच्याशिवाय खेळ कसा होणार? मग थोड्या वेळानं, "देखेंगे." मी म्हणालो, नसेल जमत तर यंत्र आणा. तोंडातून निघून गेलं. तो डबे मोजत राहिला.

वत्सीला अजून काही कळवलेलं नाही. आज पुन्हा दुसरा भाग. शेवंता फाटकात येऊन उभी राहील तेव्हा काय सांगायचं, ते ठरलेलं नाही.