ठेवणीतला काळा चष्मा

मी, जिजाबाई नत्थूजी बावणे, राहणार अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, कोणाच्या दबावाखाली न येता आणि नशापाणी न करता हे मृत्युपत्र अण्णाजी मास्तरांकडून लिहून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या बंडूजींना शंका असेल तर ते समोरच बसलेत, विचारून घ्यावं.

१. यजमानांचं नाव कायद्यासाठी घेतलं, एरवी घेतलं नसतं. त्यांनी नागपूरहून वेल्डिंगचा काळा चष्मा आणला आणि नवा आहे म्हणून पेटीत ठेवला. वरातीत घातला, जत्रेत घातला, फोटोतही घातला. लोहारकीच्या दुकानात मात्र उघड्या डोळ्यांनी काम. लोखंड कापताना कपची डोळ्यात गेली, तेव्हा चष्मा पेटीत सुखरूप होता.

२. त्या वेळी बंडूजींनी डोळ्यात कांद्याचा रस पिळायला लावला. डॉक्टरकडे नेईस्तोवर डोळा गेला, मागोमाग दुसराही. त्याबद्दल बंडूजींना माझ्या वावरातले टोपलीभर कांदे द्यावेत. स्वतःच्या डोळ्यात पिळावेत. दरवर्षी.

३. घर, दुकान, ऐरण आणि ग्यासची टाकी मुलगा प्रेमदास याला. अट एकच: ज्वाला पेटवायच्या आणि लोखंड कापायच्या आधी तोच चष्मा डोळ्यांवर. परवा बोलले तर म्हणतो, "माय, अजून नवाच हाय ना, खराब होईन. पोरीच्या लग्नात घालीन." बापावरच गेला! अरे, लग्न पाहायला डोळे नकोत का? तुझ्या बापानं नातीचं तोंड हातानं चाचपून पाहिलं. मला ते अजून सहन होत नाही.

४. अट मोडली तर दुकान सून सुलोचनाचं, आणि प्रेमदास तिच्याकडे मजुरीनं राहील. पेटीची किल्ली आजपासून तिच्यापाशी. अण्णाजी, सुलोचना हसून राह्यली, तेही लिहा.

५. माझं जरीचं लुगडं कोणालाच नाही. ते मी चुलीपाशीही नेसले, आता फाटलं.

६. माझ्या मयतीत प्रेमदासनं चष्मा घालून मिरवू नये. उघड्या डोळ्यांनी रडावं. तेरवी होऊन दुकान उघडलं की पुन्हा डोळ्यांवर.

अल्लीपूर, १२ मार्च १९५८

डाव्या अंगठ्याची निशाणी: जिजाबाई
साक्षीदार: महादेवराव ठाकरे
साक्षीदार: बंडूजी भोयर (कांद्याच्या कलमाला हरकत आहे)
ऐकून कबूल: प्रेमदास नत्थूजी बावणे (मायनं चष्मा घालूनच सही करायला लावली, म्हणून सही ओळीखाली गेली)