ओल्या फडक्याने जाणारा निळा

सूनबाई, मी भाजी आणायला गेलोय. खडूंच्या नव्या डब्यावर 'विषारी नाही, धुतल्यास निघतो' असं छापलंय, पण छापलेलं सगळं खरं असतं तर आणखी काय हवं होतं. छोटी खडू तोंडात घालणारच, म्हणून आधी मीच चाटून पाहिला. बेचव आहे. मग माझ्या उशीच्या अभ्र्यावर सगळे रंग ओढले आणि अभ्रा साबणाने धुतला. लाल काही केल्या जात नाही, तो खडू कपाटावर ठेवलाय. निळा मात्र नुसत्या ओल्या फडक्याने जातो.

तरी छोटीने दारामागच्या भिंतीवर काढलेला निळा बाबा मी पुसलेला नाही. त्याच्या हातात बॅग आहे. जातोय की परत येतोय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आईला विचार."

म्हणून विचारतोय.