वखार धाकटीला

मी, भंगारवाला, वय त्र्याहत्तर. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. वखार मोडून जागा गोदामवाल्याला विकावी म्हणून मोठ्या मुलाने दबाव आणला होता, पण मी त्याला भीक घातली नाही.

१. वखार, जागा, वजनाचा काटा आणि चुंबकाची क्रेन माझ्या मुलीला, म्हणजे धाकटीला.

२. कारणही लिहून ठेवतो. वीस वर्षांपूर्वी मोठ्याने पंपांच्या जुन्या मोटरा न फोडता पोलादाच्या ढिगात लोटल्या. आतली तांब्याची तार तशीच राहिली आणि ढिगाबरोबर पोलाद कारखान्याच्या भट्टीत गेली. वितळलेल्या पोलादात तांबे एकदा गेले की बाहेर निघत नाही. कारखान्यात सळ्यांना तडे गेले आणि बिचाऱ्या भट्टीवाल्याची नोकरी गेली.

"चुंबकानं उचललं, मी काय करू?" मोठा म्हणाला.

"दादा, चुंबकाला डोळे नसतात. तुला आहेत ना?" धाकटी म्हणाली, आणि हातोडी घेऊन मोटरा फोडायला बसली. ती आजही बसते.

३. मोठा पुढे कच्च्या मालाच्या धोरणसमितीवर गेला! त्याच्या अहवालात 'चक्राकार अर्थव्यवस्था' एकेचाळीस वेळा येते. धातू निवडणाऱ्या बायका एकदाच, 'अकुशल घटक' म्हणून. आपले भंगार न निवडता जहाजात भरायचे, तेच परक्या भट्टीतून धातूच्या लाद्या होऊन परत आले की टंचाईची बोंब ठोकायची, याला हे लोक धोरण म्हणतात. नवा डोंगर पोखरायला परवाना तयार. आधीच खणलेला धातू सोडवणाऱ्या हातांना मात्र साधे हातमोजे नाहीत. चक्र अहवालाने फिरत नाही, या हातांनी फिरते. माझी सगळी पुस्तके मोठ्याला. निदान चाळावीत.

४. राहते घर दोघांना निम्मे निम्मे. तो माझा मुलगा नाही, असे मला म्हणता येत नाही. म्हणून तर मनाला जास्त लागते.

५. माझ्या उजव्या खुब्यात धातूचा सांधा बसवला आहे. दहनानंतर तो राखेत राहील. मोठा तो चौकटीत लावून समितीला दाखवेल. त्याच्या हाती देऊ नये. धाकटीने तपासावा, योग्य ढिगात टाकावा आणि कामाला लागावे.

सही: भंगारवाला

आमच्यासमक्ष सही केली:
१) भट्टीवाला, नोकरी गेल्यापासून याच वखारीत काट्यावर
२) दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण: वखारीतली पत्र्याची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३