नळाला जांभळं पाणी

४ मे
अखेर काम सुरू. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे इंजिनिअरबाईंनी जमिनीत भोकं पाडली आणि परमँगनेट सोडलं. गडद जांभळं औषध. कपडे धुण्याचं सॉल्व्हंट जमिनीत मुरून बोअरच्या पाण्यात उतरलंय, त्याला गाठतं आणि मोडून टाकतं, म्हणे. वेळ लागेल म्हणाल्या. बोअरचा पंप लावू नका, आणि आधी मशीन बंद करा, त्याच्या खालची सॉल्व्हंटची टाकी गळतेय, असंही म्हणाल्या. मशीन बाबांनी बसवलेलं आहे. गळणार नाही.
हिचा माहेरून फोन. पाणी पिण्यासारखं झाल्याशिवाय येणार नाही. २५ तारखेपर्यंत झालं नाही तर आमच्या चिमीचं नाव तिकडच्याच शाळेत घालणार. म्हटलं, पंधरालाच ये.

७ मे
संकल्प : धीर धरायचा. मशीन फक्त तातडीच्या कपड्यांसाठी लावायचं.
आज सगळे कपडे तातडीचेच आले. शिवाय मशीन बंद म्हणजे दुकान बंद, आणि दुकान बंद करून बसलेल्या नवऱ्याकडे कोणती बायको परत येते?

१० मे, सकाळी
धीर धरून झाला. बाई नसताना दोन बादल्या परमँगनेट स्वतः कालवलं आणि बोअरजवळच्या भोकात ओतलं. औषध जास्त, गुण लवकर. साधा हिशेब आहे.

१० मे, दुपारी
जांभळ्या औषधाने हात तपकिरी झालेत. निघत नाहीत. बाईंनी विचारलं, काय झालं. म्हटलं, बूटपॉलिश. त्या माझ्या रबरी चपलांकडे बघत राहिल्या.

१३ मे
तपासणीच्या भोकातलं पाणी मीच बाटलीत भरून लॅबला पाठवलं होतं. रिपोर्ट आला. सॉल्व्हंट शून्य! शून्य!!
बाईंना दाखवला. म्हणाल्या, पाणी जांभळं असताना घेतलेला नमुना धरत नाहीत, औषध बाटलीतसुद्धा काम करत राहतं, त्यामुळे शून्यच येणार. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
हिला फोन केला. बोलता बोलता रडलो. ती म्हणाली, रविवारी येते.

१७ मे, रविवार
आल्या दोघी. चिमी उंच झालीय. घर कसं भरल्यासारखं वाटलं. हिला खात्री पटावी म्हणून पंप लावला आणि स्वयंपाकघरातला नळ ऐटीत सोडला.
जांभळं पाणी.
चिमीने टाळ्या पिटल्या, यानेच आंघोळ करायची म्हणून हट्ट धरला. हिने तिचा हात मागे ओढला. म्हटलं, अगं, हा तर औषध लागू पडल्याचा पुरावा! तेवढ्यात शेजारचे सुतार आले. याच बोअरवर त्यांचाही पंप आहे, त्याच पाण्याने त्यांच्याकडे कपडे धुतात. दोन्ही हातांत तपकिरी डागांच्या चादरी. ड्रायक्लीन होतील का, विचारत होते.
ते गेल्यावर हिने एकच विचारलं. मशीन बंद केलंस ना? म्हटलं, केव्हाच. आणि खाली दुकानात मशीनची घंटी वाजली. कपडे झाले की वाजते.
तिने बॅग उघडलीच नव्हती, तशीच उचलली. संध्याकाळच्या बसने गेल्या.

१८ मे
मन लागत नाही. तरी हार मानायची नाही. अजून आठवडा हातात आहे. मशीन उद्यापासून नक्की बंद. आज फक्त कालचे राहिलेले.

२१ मे
जांभळा रंग गेला! पाणी काचेसारखं. आता बाईंनी स्वतः नमुना नेला. मी चिमीची खोली झाडून घेतली, तिच्या पलंगावर नवी चादर घातली.

२४ मे
रिपोर्ट. सॉल्व्हंट काम सुरू होण्यापूर्वी होतं त्याहून जास्त.
लॅबची चूक, असं म्हणणार होतो. बाईंनी फरशी उचकटायला लावली. मशीनखालची माती बोटाने दाबली तर वास नाकात गेला. ओली होती. म्हणाल्या, औषध वरून आम्ही ओततोय, खालून तुम्ही सॉल्व्हंट. कोण जिंकणार?
मशीनची वायर मीच काढली. फार उशिरा काढली.

२५ मे
हिचा फोन. चिमीचं नाव घातलं तिकडच्या शाळेत. आवाज चढवला नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
मग चिमी आली फोनवर. पप्पा, जांभळं पाणी गेलं का, विचारलं. म्हटलं, गेलं, आता अगदी स्वच्छ दिसतं. मग आम्ही येऊ का, म्हणाली.
नको म्हणालो.