वहीतली खोटी शून्यं

बाईसाहेब,

तू उठायच्या आत दवाखान्यात निघालोय. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

पोटासाठी कमरेत बसवलेलं ते यंत्र दोन महिन्यांपासून नीट चालत नाहीये. पोट पुन्हा ऐनवेळी दगा देतं, बाथरूम गाठेपर्यंत थांबत नाही. असं दिवसात किती वेळा झालं ते लिहायच्या डॉक्टरांच्या वहीत मी रोज शून्य लिहीत गेलो, कारण ते शून्य बघून तू सकाळभर गुणगुणायचीस. ते गुणगुणणं बंद पाडणं माझ्या जिवावर आलं. खरे आकडे आपल्या घड्याळाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर टिपलेत, तेच गुंडाळून नेतोय.

यंत्राचा जोर वाढवायला रिमोटवरचा आकडा मात्र मी आपला वाढवत राहिलो. मागे पडणाऱ्या घड्याळाचे नुसते काटे पुढे सरकवणाऱ्याला मी जन्मभर गाढव म्हणत आलो. आता तू मला म्हण. आज डॉक्टर यंत्राचा प्रोग्राम बदलून बघतील, आतली तार सरकलीय का तेही तपासतील.

अकराला नंबर आहे. सोफ्याच्या चादरीखाली तू प्लास्टिक घातलंस आणि म्हणालीस, "तुम्ही चहा सांडता." अगं, चहा सोडून मला वर्ष झालं.

ये. शेजारची खुर्ची धरून ठेवतो.