रेश्माची भांडी

२ डिसेंबर २०२४
माळशिरसहून सोलापूर म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण तेहतिसाव्या वर्षी लग्न लागल्यावर सगळंच नवं वाटतं. जोतिराम टेम्पो चालवतात, स्वभावानं साधे आहेत. सासूबाई घरीच कडक भाकऱ्या करून हॉटेलांना पोचवतात. आणि जोतिरामांची सात वर्षांची संस्कृती. तिची आई रेश्मा गेल्या वर्षी वारली. पोरगी दाराआडून मला न्याहाळत होती. मग जवळ येऊन तिनं माझं नाव विचारलं आणि ‘चालेल’ असा निकाल दिला. मला हसू आवरेना.

५ डिसेंबर
स्वयंपाकघर रेश्माच्या माहेरच्या भांड्यांनी भरलंय. परात, पातेली, ताटं, अगदी उलथण्याच्या दांड्यावरही तिचं नाव घातलेलं. त्यात कसला मत्सर? आज शंभर भाकऱ्या थापल्या. संध्याकाळी उजव्या हातात कळ यायला लागली. सवय नाही, दुसरं काय.

११ डिसेंबर
गंमतच आहे. उलथणं धरलं की बोटांपासून कोपरापर्यंत कळ जाते. पळी, चमचा, तेच. खाली ठेवलं की हात ठणठणीत. झाडू घेतला, बादली उचलली, तरी काही नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड चांगलं आहे म्हणाले. जोतिराम म्हणाले, नव्या नवरीचा कामचुकारपणा. थट्टाच होती, पण लागली.

१८ डिसेंबर
आज सासूबाईंसमोर परात हातातून सुटली. रागावतील वाटलं, तर त्या मटकन खाली बसल्या. “रेश्मा बी हेच म्हणायची. हात दुखत्यात, हात दुखत्यात. मी म्हनलं, नाटकं करती.” शेवटी रेश्माच्या हातून उकळत्या पाण्याचं पातेलं सुटलं. भाजली आणि आठ दिवसांनी गेली. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी मी आज पोटभर रडले. तसल्या हातांनी ती रोज दोनदोनशे भाकऱ्या थापत होती.

२४ डिसेंबर
सासूबाई म्हणतात, भांडी मोडीत घाल. मला ते पटेना. पोरीला आईची तेवढीच आठवण, उद्या तिच्या लग्नात हीच द्यायची. म्हणून आज दोन पोती भरून नवी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात नेली आणि प्रत्येक भांड्यावर रेश्माच्या नावाखाली संस्कृतीचं नाव घालून घेतलं. ती एकेक अक्षर लावून वाचत होती. परतताना रिक्षात तिनं पहिल्यांदा माझा हात धरला.

२५ डिसेंबर
कळ गेली. दीडशे भाकऱ्या थापल्या, बोटांत चमकही नाही. रेश्माचं समाधान झालं असणार.

२७ डिसेंबर
संस्कृती जेवत नाही. चमचा धरला की टाकते, ताटाला हात लावला की रडते. शेजारच्या शिवम्माकडे मात्र नीट जेवली. सासूबाई ‘नाटकं’ म्हणायला गेल्या आणि मध्येच थांबून पोरीचे हात चोळायला लागल्या. मी हे काय करून बसले?

२८ डिसेंबर
कानशीनं एका ताटावरचं पोरीचं नाव घासून काढलं. काही उपयोग नाही. मी भरवते तेव्हा दोन घास खाते. आज विचारत होती, “मी पन भाजनार का?” पोटाशी धरलं.

२९ डिसेंबर
भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं पहिलाच डबा हातोड्यानं चेपला आणि आत पोरगी किंचाळली. दोन्ही हात पोटाशी आवळून जमिनीवर — त्याला हाकलून दिलं. भांडी मोडायची नाहीत. नावं पुसायचीही नाहीत. रेश्माचं दुखणं माझ्या हातात आलं होतं. खाली पोरीचं नाव घातलं, तेव्हा तिच्याकडे गेलं. मग तिच्या खाली जिचं नाव येईल —

३० डिसेंबर
नवी पेठ. दुकानदार हसला, अजून कितीजणींची नावं घालायची ताई. म्हटलं, माझंच शेवटचं. सगळ्या भांड्यांवर ‘दिपाली’. घरी येईतो मनगट —

संस्कृती जेवतेय. स्वतःच्या हातानं. दोनदा आमटी मागितली. सासूबाई बघून रडतायत. वाढायला पळी उचलली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी — पण वाढली. आधी इतकं नव्हतं. हे लिहितानाही बोटं मिटत — अक्षर बघा कसं —

भात मागतेय. उठायला हवं. पातेलं जड आहे, दोन्ही हातांनी —