शालीचं वाक्य

झिंडेलफिंगेन, जर्मनी, रविवार संध्याकाळ

शाल अजून समोरच्या खुर्चीवर पडली आहे. घडी घालायचीही इच्छा नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळाने आज त्या कन्नड नवकवीची स्मृतिसभा घेतली. त्याच्या पत्नी सुमित्राबाई इथेच मुलाकडे राहतात. आयुष्यभर यमक आणि देव दोन्ही नाकारलेल्या माणसाची कविता आमच्या अध्यक्षांनी ध्रुपद जोडून पेटीवर म्हणवली. वर टाळ्यांचा ठेका! मुक्तछंद म्हणजे चाल लावायची राहून गेलेली कविता, असाच यांचा समज.

आणि मी? कवीचा परिचय मी लिहिला होता. 'मिळालेली प्रत्येक शाल त्याने परत पाठवली,' हे त्यातलं एकच जिवंत वाक्य. धारवाडला त्याने स्वतः मला सांगितलेलं. परवा अध्यक्षांचा फोन आला. "अहो, शेवटी वहिनींना शाल-श्रीफळ द्यायचंय. ते वाक्य तेवढं काढा ना. मग गेनाऊ, अगदी बरोब्बर तीनशे शब्द होतील."

काढलं. वेळेत पाठवलं. चाळीस वर्षं मागितलेला मजकूर वेळेतच पाठवतोय, तेवढाच काय तो अभिमान.

सुमित्राबाईंनी शाल घेतली, नमस्कार केला आणि मंचावरून उतरून सरळ माझ्यापाशी आल्या.

"परिचय तुम्हीच लिहिलात ना? आमच्या घरी यांच्यापाशी दोन तास बसला होतात."

"हो."

त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. "मग ही तुमचीच. नारळ ठेवते, चटणीला होईल."

अध्यक्षांना वाटलं, माझाही सत्कार झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.